शेवटचं मत

आमच्या क्लबात खेळाडू ठेवायचा की काढायचा, हे सभासद हात वर करून ठरवतात. कोचला मत नसतं, म्हणून मी भिंतीला टेकून गप्प उभा होतो. विषय होता आमचा स्ट्रायकर. लहर आली तर एकटा सामना जिंकून देतो, नाहीतर रिकाम्या गोलसमोरूनही चेंडू बाहेर मारतो.

“भरवशाच्या म्हशीला टोणगा!” सेक्रेटरी कडाडले. “मैदानात येतो तोच तांबारलेले डोळे घेऊन. रात्री करतो काय हा?”

हे मीही त्याला कितीदा तरी विचारलं होतं. “घरी जरा जागरण होतं, सर,” एवढंच म्हणायचा.

हात मोजले. दोन्हीकडे सारखेच. सगळ्यात जुन्या सभासदाचं मत शेवटी घ्यायचं, हा आमचा रिवाज. आणि सगळ्यात जुने सभासद म्हणजे स्ट्रायकरचेच वडील! मुलाने हाताला धरून आणलेले, त्याच्याच शेजारी बसलेले. माझा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला.

“काढून टाका त्याला,” वडील ठणकावून म्हणाले.

स्ट्रायकरने फक्त वडिलांच्या स्वेटरचं सुटलेलं बटण लावलं.



त्याचा गुडघा थोपटत वडील हळूच त्याला म्हणाले, “आता माझ्या पोराला संघात जागा मिळेल. बघाच तुम्ही, साहेब.”