पिवळी कॅप्सूल

प्रफुल्लनं बाटली अंगणात भिरकावली. झाकण उडालं, पिवळ्या कॅप्सूल न्हाणीपर्यंत सांडल्या आणि कोंबड्या धावल्या.

बापूराव, त्याचे वडील, बाजेवरून हलले नाहीत. हलली ती रंजीता, प्रफुल्लची बायको. पदर खोचून तिनं एकेक कॅप्सूल वेचली. एक तर कोंबडीच्या चोचीतून ओढून काढली. फुंकर मारून सगळ्या बाटलीत भरल्या, पाण्याचा गडवा आणला आणि सासऱ्यांच्या तळहातावर एक ठेवली.

प्रफुल्लच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप नादी लागला तर लागला, पण बायकोनंही त्याचीच री ओढावी?

सारं लचांड त्या माहितीपटापासून सुरू झालं होतं. राजदीप नावाच्या एका एजंटानं गडचांदूरच्या समाजमंदिरात पडदा लावून तो फुकट दाखवला. पांढऱ्या कोटातले गोरे लोक, काचेच्या नळ्या आणि मराठीत घुमणारा आवाज. बीपी हा आजारच नाही म्हणे, ती शरीराची व्हिटॅमिनसाठी चाललेली ओरड आहे. गोळ्या सोडा, कॅप्सूल घ्या. दारातच बाटल्या विकायला मांडलेल्या. बापूरावांनी घरी येऊन दवाखान्यातल्या बीपीच्या गोळ्या नालीत ओतल्या. बारीक, पांढऱ्या, मधोमध रेघ असलेल्या. याच बीपीनं डोक्यातली नस फुटून त्यांचा सख्खा भाऊ गेला होता, आणि त्याला खांदा प्रफुल्लनंच दिला होता.

प्रफुल्ल सिमेंटच्या कारखान्यात ट्रक तोलायच्या काट्यावर कामाला. तोलल्याशिवाय मानायचं नाही, हा त्याचा स्वभावच. त्यानं राजदीपला भर चौकात धरलं.

"तुह्या पिक्चरमंदी बरे झालेलेच लोक काऊन दिसतात? ज्याइनं गोळ्या सोडल्या अन् मेले, त्याइले कोन दाखवते?"

राजदीप गोड हसला. भाऊ, अनुभव घेऊन पाहा, म्हणाला.

मग प्रफुल्लनं बीपीचं मशीनच आणलं. आता बाबांचे डोळे उघडतील, या खुमखुमीत पट्टा बांधला, बटण दाबलं. बीपी अगदी ठीक. त्यानं सेल बदलले. पुन्हा ठीक. शेजारच्या रुखमाबाईंचं मोजलं तर त्यांचं वाढलेलं निघालं, म्हणजे मशीनही खोटं नव्हतं. बापूराव मिशीत हसले.

"आता तुहा काटा काय म्हनते, प्रफुल?"

काय म्हणणार, कपाळ! बाबा ठणठणीत आहेत म्हणून खूश व्हावं, तर तेही जमेना. तो धुमसत राहिला आणि राग निघायचा रंजीतावर. तुझ्या हातानं तरी देऊ नको, असं तो रोज बजावायचा. ती हळद लागल्यासारखी पिवळी बोटं पदराला पुसायची आणि म्हणायची, बाबाइले बरं वाटते ना, मंग राहू द्या. नाहीतर आपल्या मायच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या म्हणून पिशवी घेऊन सरळ दवाखान्याची वाट धरायची.

बापूरावांचे जिवाभावाचे दोस्त म्हणजे बाबूभाई, चौकातले सायकल दुरुस्तीवाले. बीपी दोघांनाही. पूर्वी गोळ्या आणायलाही जोडीनं जायचे. बापूरावांचा आकडा पाहून बाबूभाईंनीही गोळ्या फेकल्या आणि बाटली घेतली. त्यांची लघवी पिवळीधमक व्हायला लागली, तर आनंदानं चौकभर सांगत सुटले, ताकद उतू जाऊन राह्यली म्हणून. बापूराव हिरमुसले. त्यांची काही केल्या पिवळी होईना. राजदीपकडे त्यालाही उत्तर होतं. तुमचं शरीर सारंच शोषून घेते, बापूरावजी, तुमी तर नंबर एक!

याला म्हणतात चित भी मेरी, पट भी मेरी. पिवळी झाली तरी औषध खरं, नाही झाली तरी खरंच. आणि निर्लज्जपणा एवढा की राजदीपनं कॅमेरा आणून बापूरावांचाच पिक्चर काढला. "म्या गोळ्या नालीत फेकल्या," बापूराव त्यात छाती काढून सांगत होते, "माहा पोरगा काट्यावर हाय, त्यानं सोता मोजलं." कोरपना, राजुरा, वरोरा, साऱ्या मोबाइलांवर तो फिरला. प्रफुल्लला तोंड दाखवायची सोय उरली नाही.

अन् एका सकाळी पंक्चर काढता काढता बाबूभाई कलंडले.

प्रफुल्लनंच त्यांना गाडीत घालून चंद्रपूरला नेलं. गोळ्या बंद केल्यामुळं बीपी चढलं, मेंदूत रक्त सांडलं, असं डॉक्टर म्हणाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांची बायको नूरी भिंतीला टेकून उभी होती. तिनं एकच विचारलं.

"बापूरावभाऊले तर काई झालं नाई. मंग याइलेच काऊन?"

प्रफुल्ल नुसता राग घेऊनच घरी आला. बापूराव बाजेवर डोकं धरून बसले होते. प्रफुल्ल थेट स्वयंपाकघरात गेला.

"बाबूचाचा आता जनमभर बोलनार नाई," तो रंजीताला म्हणाला. "बाबाइचं पाहून सोडल्या त्यानं गोळ्या. अन् तू रोज सकारी उठून सोताच्या हातानं देऊन राह्यली ते जहर. बाबाइले एक डाव तरी काऊन नाई अडवलं तू?"

रंजीताचा चेहरा पांढराफटक पडला. फळीवरची बाटली तिनं काढली, एक कॅप्सूल घेतली आणि पिवळ्या बोटांनी तिची दोन्ही टोकं ओढली. व्हिटॅमिनची पूड सांडलीच नाही. ताटलीत टक्कन पडली ती एक बारीक पांढरी गोळी, मधोमध रेघ असलेली.