उद्याच्या तीन ओळी

धाकटीने भरलेली बॅग पायानेच पलंगाखाली ढकलली आणि कानोसा घेतला. न्हाणीघरातला नळ चालू होता. म्हणजे आईला बाहेर यायला पाच मिनिटं तरी होती.

"सांगितलंस का?" दादा दारातून कुजबुजला.

"सांगते रे."

"कधी? टॅक्सी दारात आल्यावर?"

"मग तू सांग."

"जाणार तू आणि सांगू मी? वा रे वा!"

वर्षअखेरीची सुट्टी रविवारपर्यंत होती आणि आज कुठे शुक्रवार उजाडला होता. सकाळी धाकटीच्या साहेबांनी फोनवर सहज विचारलं, उद्या येता येईल का, आणि धाकटीने वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. खरं तर तिचा जीव गुदमरत होता. कालपासून दोघं भावंडं घरात चोरपावलांनी वावरत होती. आई हसली तरी एकमेकांकडे बघत होती, गप्प बसली तरी बघत होती. गेल्या वर्षी याच सुट्टीत आईने अन्नपाणी सोडलं होतं. "हे दिवस त्यांना जड जातात, जपा," असं डॉक्टरांनी यंदा आधीच बजावलं होतं, आणि गोळ्यांबरोबर एक वहीही दिली होती. रोज तीन ओळी लिहायच्या. आज काय चांगलं घडलं, कुणाचे आभार मानावेसे वाटले. सोमवारी ते वही बघणार होते.

वही टेबलावरच पडली होती.

"उघडू नकोस," दादा म्हणाला आणि स्वतःच मान लांब करून वाकला.

अक्षर टपोरं, ओळी सरळ. तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डाचं रजिस्टर लिहिलेला हात तो. गुरुवारच्या पानावर होतं, 'दोन्ही मुलं घरी आली.' खाली, 'मी पोटभर जेवले.' आणि त्याखाली, 'मुलाने जुने फोटो काढून दाखवले.' या शेवटच्या ओळीवरून एक सरळ रेघ गेली होती. शेजारी आईची बारीकशी सही.

दादाने नजर चुकवली. काल तो फोटो काढतो म्हणाला होता खरा, पण मग टीव्हीपुढून उठलाच नव्हता.

शुक्रवार. 'संध्याकाळी तिघं फिरायला गेलो.' धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. अजून दुपारचे दोनही वाजले नव्हते. तिने घाईने पान उलटलं.

शनिवार. 'धाकटीबरोबर सकाळचा चहा, गच्चीत.' 'तिने माझे केस विंचरून दिले.' 'ती पूर्वीसारखी खळखळून हसली.'

रविवार. 'मुलं निघाली. मला रडू आलं नाही.'

सोमवारच्या पानावर नुसती तारीख होती.

"ही तर डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकतेय!" दादाचा आवाज चढला. "घडायच्या आधीच सगळं लिहून ठेवलंय!"

"धूळ कशाला फेकू?"

नळ कधी बंद झाला ते दोघांनाही कळलं नव्हतं. आई ओल्या केसांना पंचा गुंडाळून दारात उभी होती.

"वॉर्डात असंच लिहायचे मी. एकदा गर्दी झाली की पेन धरायला फुरसत मिळायची नाही. मग जे होणारच आहे, ते ड्युटीवर आल्या आल्या लिहून मोकळी व्हायचे. चूकच होती ती. मेट्रनची बोलणीही खाल्ली. पण सवय काही जात नाही बघ."

"आणि नाही झालं तर?" धाकटीने विचारलं.

"तर एक रेघ मारायची आणि सही करायची. गिरगटायचं नाही. खालचं वाचता आलं पाहिजे."

"सोमवार कोरा का ठेवलास?" दादाने विचारलं.

"सोमवारी घरात मी एकटीच ना. काही सुचलं नाही अजून."

आपण कशापासून पळत होतो हे धाकटीला एकदम कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. भीतीही वाटली.

आई टेबलाशी येऊन बसली. बॅगेचा पट्टा पलंगाखालून बाहेर लोळत होता. तिने तो पायाने हलकेच आत सरकवला. मग चष्मा लावला, शनिवारचं पान उघडलं, पट्टी ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सकाळचा फोन ऐकला मी. पहाटेच निघणार असशील ना?" तिने शांतपणे विचारलं. "मग तिन्ही ओळींवर मारू रेघ, की चहाची तेवढी राहू देऊ?"