गौराबाईच्या हातचं कुंकू

नर्मदाच्या कपाळावरून गौराबाईनं ओलं फडकं फिरवलं तशी पोरीनं दात आवळले. भुवयांच्या मधोमध रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता आणि वरची कातडी सुटायला लागली होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

"बाजारचं पाकीट का?" गौराबाईनं विचारलं.

नर्मदाची आई सरजाबाई खाली बघत हो म्हणाली. गंगाखेडच्या दुकानात लय चकचकीत दिसलं म्हणून भुलली होती. गौराबाईनं ते पाकीट मागून घेतलं आणि चिमूटभर कुंकू वाटीतल्या पाण्यात टाकलं. पाणी लगेच गुलाबी झालं, तळाला पांढरी भुकटी बसली. वरून कीर्तन आतून तमाशा, असं म्हणून तिनं वाटी अंगणात रिकामी केली.

पालममध्ये कुंकू घ्यावं तर गौराबाईचं. हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायची, तुरटी आणि टाकणखार घालायचा, सावलीत वाळवायची, उखळात कुटायची आणि धोतराच्या फडक्यातून चाळायची. बस्स, दुसरं काही नाही. नव्या कुंकवाचं पहिलं बोट ती स्वतःच्या कपाळाला लावायची. दिवसभर खाजलं नाही, तरच ते गावाला द्यायचं. आता टिकल्या निघाल्या होत्या, बाटलीतलं ओलं कुंकू निघालं होतं, पोरी त्यावर फिदा होत्या. पण कपाळ भाजलं की सगळ्यांना गौराबाईची ओसरी आठवायची.

शिवाय तिच्या हाताला गुण आहे, असं बाया म्हणत. इतक्या सालांत तिच्या हातचं कुंकू लागलेली एकही नवरी पांढऱ्या कपाळाची झाली नव्हती.

तिचा नवरा महालिंग हैदराबादला तेलाच्या गिरणीत कामाला. पालमचं दुसरं कुणी तिकडं नव्हतं. त्याला सुट्टी मिळायची नाही, म्हणून वर्षातून एकदा गौराबाईच गंगाखेडला जाऊन रेल्वे धरायची. दोन दिवस राहून परत यायची, ती नव्या हिरव्या बांगड्या भरून. नवरा लांब, म्हणून भांडण नाही, म्हणून तुझं तोंड एवढं टवटवीत, अशी बाया थट्टा करायच्या. तीही हसायची.

दुपारी ओसरी हळदीच्या वासानं भरून जायची. परातीतलं पिवळं हळूहळू लाल व्हायचं, आणि नेमकं कोणत्या घटकेला झालं ते समोर बसूनही कळायचं नाही. गौराबाई डोळे अर्धे मिटून मनातल्या मनात महालिंगाशी बोलत राहायची. आज लिंबं रसाळ निघाली, उन्हाला अजून जोर नाही, असलंच काहीबाही. त्या वेळी तिला हाक मारायची तर दोनदा मारावी लागे.

उखळाशी कडूबाई असायची. दिवाळीत तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी हात झटकले. शेजारची बाई उपाशी निजते हे गौराबाईला बघवेना, म्हणून तिनं तिला कुटायला बोलावलं. त्या कामावरच कडूबाईची चूल पेटत होती.

सरजाबाईनं उखळाशी बसलेल्या कडूबाईकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"गौराबाई, राग नको मानू. लग्नाचं कुंकू हाय. रंडक्या बाईचा हात लागलेलं न्हाई चालायचं. गावातल्या बायाबी बोलायल्यात. ही हितं राहिली तर कुणी तुझ्या दारात यायचं न्हाई."

उखळाचा आवाज थांबला. गौराबाईनं परात पुढं ओढली. मग म्हणाली, लग्नाचं कुंकू मी एकटी करते, तुमच्या डोळ्यांदेखत. कडूबाईचं काय ते नंतर बघू.

कडूबाई हात पुसून घरी गेली.

पुढचे चार दिवस सरजाबाई रोज ओसरीवर येऊन बसली. लिंबं पिळण्यापासून चाळण्यापर्यंत तिनं सगळं बघितलं. नर्मदाच्या कपाळाला सकाळ-संध्याकाळ घरचं लोणी लागलं आणि चट्टा निवला. लग्नादिवशी नवरीला पहिलं बोट गौराबाईनंच लावायचं, असा सरजाबाईनं हट्ट धरला. बोट लागलं. नर्मदानं डोळे मिटले, उघडले आणि हसली. कपाळाची काही आग झाली नाही. सरजाबाईला रडूच आलं. तिनं उलट गौराबाईला कुंकू लावलं आणि तुझ्या मालकाला शंभर वर्षं आयुष्य लाभो म्हणाली.

कडूबाई मांडवाबाहेर, जनावरांच्या बाजूला उभी राहून हे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाठोडं घेऊन गौराबाईच्या घरी आली. वालूरला भावाकडं जाते म्हणाली. भावजय तिला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. गौराबाईनं गाठोडं ओढून घेतलं, तर कडूबाईनं सोडलं नाही.

"नको अक्का. माझ्यापायी तुमचं काम बुडायचं. तुमचं कपाळ भरलेलं हाय, तुमच्या हातचं लोक घेत्यात. माझ्या हाताला आता कोन इचारतंय?"

ती रडत नव्हती, त्यामुळं ऐकणं जास्त अवघड झालं. गौराबाईनं उठून दार लावलं, आतून कडी घातली. कडूबाईला हाताला धरून उखळाशी बसवलं. मग पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि स्वतःचं कपाळ पुसून काढलं.

"सहा वर्सं झाली, कडू," ती म्हणाली. "हैदराबादला त्यांना माती म्याच दिली."