दुसरा घोट

"बाबा, असं टक लावून बघू नका ना," पुस्तकातून मान वर न करता थिआ म्हणाली.

"कोण बघतंय? तू वाच," ऑरिन म्हणाला आणि बघतच राहिला.

गावाबाहेरच्या जुन्या डेअरीत त्याची छोटीशी ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायची जागा होती. बाकीचे लोक बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्सची फुलं काढ्यात उकळून मोकळे होत. ऑरिन मात्र बिअर थंड झाल्यावर पुन्हा सुकी फुलं कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडायचा. अमेरिकेत ओरेगनमधल्या त्या गावाला तेव्हा पाण्यासारखी फिकट बिअरच ठाऊक. "बिअरला चारा घालतोस होय रे?" म्हणून त्याची टिंगल व्हायची. पिशवी लवकर काढली तर वास धरत नसे. उशीर झाला तर गवताची चव उतरे. कधी काढायची ते ऑरिनच ठरवी. रोज दुपारी टाकीतून ग्लास भरून तो थिआपुढे ठेवायचा आणि समोर बसायचा. त्याला कौतुक ऐकायचं असणार, असं तिला वाटे. मागितल्यावर कौतुक करणं तिला जमत नसे. ती पुस्तकात डोकं घाले.

त्या दिवशी तिने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, पान उलटलं.

"अजून नाही," ऑरिन पुटपुटला.

"काय अजून नाही?"

"काही नाही गं. उद्या बघू."

त्या रात्री तो झोपेतच गेला.

दफनविधी उरकला. पिशवी टाकीतच होती. भेटायला आलेला एक म्हणे, आजच काढ. दुसरा म्हणे, राहू दे आठवडाभर. थिआने कपाटातली पुस्तकं चाळली. त्यांचंही एकमेकांशी जुळेना. बाबांची ही शेवटची बिअर. तीही वाया गेली तर?

"डेल्मर, बाबा कसं ओळखायचे?" ऑरिनबरोबर टाक्या धुण्यात म्हातारा झालेल्या डेल्मरला तिने विचारलं. "त्यांना चव घेताना मी कधी पाहिलंच नाही."

डेल्मरने टोपी मागे सारली. "पोरी, तुला खरंच माहीत नाही? तो तुझ्याकडे बघायचा. म्हणायचा, ही तोंडाने काही सांगायची नाही. पण पुस्तकात डोकं असताना हिचा हात आपणहून दुसऱ्या घोटाला गेला, की काढ पिशवी."

थिआने ग्लास भरला. पुस्तक उघडून बसली. एक घोट घेतला. बरी होती की वाईट? काहीच कळेना. आता हाताकडेच लक्ष जात होतं, आणि तो हात मांडीवर परक्यासारखा पडून होता. तीच ओळ तिने पुन्हा पुन्हा वाचली. मग नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवर गेली आणि तिथेच राहिली.

"थिआ," दारातून डेल्मर हळूच म्हणाला. "ग्लास बघ."

ग्लास रिकामा होता.

ती उठली. टाकीवरची दोरी सोडून तिने पिशवी वर ओढली. मोसंबीच्या सालीसारखा ओला वास शेडभर पसरला. दोरी हातात तशीच धरून ती खुर्चीकडे वळली.

"छान झालीये, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.