पिसांसारखी पानं

ऑस्ट्रेलियातल्या एका ओढ्याची दरड ढासळू नये म्हणून डोरीनमावशींनी काठावरच्या मोठ्या वॉटलच्या, म्हणजे तिथल्या बाभळीच्या झुडपाच्या, टणक बियांवर उकळतं पाणी ओतून, त्या रुजवून रोपं लावली होती. तण काढायला आलेल्या ट्रेंटने ती झाडून सगळी उपटली. मावशींचं डोकंच फिरलं.

"मुडद्या, काय केलंस हे!"

"मावशी, मोठ्या झुडपाची पानं सपाट, लांब. ह्यांची पिसांसारखी. मला वाटलं, ही त्याची नाहीतच."

"लहानपणी वेगळीच दिसतात ती! वाढली की आईसारखी होतात. विचारायचंस तरी!"

"एवढं काय त्यात? दुसरी येतील."

मावशींनी मान टाकलेलं एक रोप उचललं. "आम्हा आदिवासींची उजळ पोरं गोऱ्यांसारखी वाढवायला सरकार उचलून न्यायचं. मी आईपेक्षा उजळ निघाले, म्हणून गोऱ्या सरकारी साहेबाने मला तिच्या कडेवरून ओढून नेलं. जाताना तोही तिला म्हणाला होता, 'एवढं काय त्यात? दुसरं होईल.'"