नदीच्या खालच्या अंगाला

ओहायो नदीवर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की पलीकडचा काठ जणू कुणी पुसूनच टाकला होता. अलीकडच्या काठावर केझाया सैनिकांचे निळे सदरे मोठ्या हंड्यात उकळत होती. वाफ धुक्यात मिसळत होती. आपणही तिच्यासोबत विरघळत चाललोय, असं तिला वाटत होतं.

ओंडक्यावर बसून व्हिटलॉक नावाचा सैनिक आपला सदरा वाळण्याची वाट पाहत होता. हातात वर्तमानपत्र.

“मावशी, ऐकलंस का? राष्ट्राध्यक्षांनी गुलामांना मोकळं केलं. नव्या वर्षापासून!”

तिच्या हातातलं दांडकं थांबलं. “सगळ्यांना?”

“राज्यांची नावं दिलीयत की.” तो बोट ठेवून वाचू लागला. “आर्कान्सा, टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा...”

नावं संपली, तरी ती ऐकतच होती.

“आणि आपलं केंटकी?”

त्यानं पुन्हा वरून खाली नजर फिरवली आणि ओशाळला. “केंटकी नाही यात. ही सगळी बंडखोरांची राज्यं. केंटकी आपल्या बाजूचं. पण पडलं सीमेवर. इथले मालक दुखावून तिकडं गेले, तर ही नदी गेली, रेल्वे गेली, लढाईच गेली म्हण.”

“म्हणजे आमच्या मालकांनी बंड केलं असतं, तर मी सुटले असते?”

व्हिटलॉकनं पेपरची घडी घातली. उलगडली. परत घातली.

“मघाशी मिसिसिपी म्हणालात ना, साहेब? परत म्हणा.”

“मिसिसिपी.”

तिची धाकटी बहीण डोर्कस तिकडंच होती, ही नदी वाहत जाते त्या दिशेला. मालकांना दोघींतली एक विकायची होती. दलालानं दोघींचे दात पाहिले आणि डोर्कसला बोटीवर चढवलं. नदीच्या खालच्या अंगाला गेलेलं माणूस पुन्हा दिसत नसे. आई मरेपर्यंत केझायाला कुशीत घेऊन म्हणायची, “देवानं एक तरी वाचवली गं माझी.”

केझायाला हसू फुटलं. हसता हसता ती वाकली, खोकली, तरी थांबेना. व्हिटलॉक घाबरून उठला. ती तशीच चालत नदीत उतरली. पाणी बर्फासारखं गार. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले.

“डोर्कस! अगं, सुटलीस तू!”

हाक पाण्यावरून धुक्यात शिरली आणि खाली खाली जात राहिली.

वरच्या घराची खिडकी उघडली. “केझाया! कुणाला हाका मारतेयस?” मालकीणबाईंनी विचारलं.

“कुणाला नाही, बाईसाहेब.”

पाणी तिच्या घोट्यांना वळसा घालून पुढं चाललं होतं. केझाया वाकली आणि गावाला निघालेल्याच्या पाठीवरून फिरवावा, तसा तिनं पाण्यावरून हात फिरवला.