लाल दोरा, पांढरा दोरा

"लाल दोरा महागाचा, पांढरा साध्याचा. बघून घ्या सगळ्यांनी. मागनं तक्रार नको," राजमहंमद मिस्त्रीने दोन्ही बाटल्या उंच धरल्या.

वारूळवाडीतल्या त्याच्या गॅरेजपुढे निमगाव साव्याची चार-पाच माणसं जमली होती. मोपेडचं ऑइल मिसळल्यावर दोन्ही बाटल्यांतलं पेट्रोल एकसारखं हिरवट दिसत होतं. ओळख राहिली होती ती फक्त गळ्याला बांधलेल्या दोऱ्यांची.

"मला दोऱ्याची गरज न्हाई. नुसत्या वासावरनं सांगतो," कुंडलिक म्हणाला.

"कुंडलिकभाऊ, तुमाला घरात दूध उतू गेल्याचा वास येत न्हाई, अन् पेट्रोल हुंगताय व्हय?" मिस्त्री म्हणाला.

सगळे हसले. वृषाली हसली नाही. तिची बी.एस्सी. त्या दोन बाटल्यांत होती.

नारायणगावच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. पण प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जायची. घरात मोपेड होती; ती मिळाली तर सायन्स, नाहीतर घरी बसून बाहेरून बी.ए. तिच्या वडिलांनी, कुंडलिकने, दूध डेअरीवर साऱ्या भावकीसमोर निकाल देऊन टाकला होता. "साध्या पेट्रोलनं इंजिन बसतं. महागाचं रोज परवडत न्हाई. तवा पोरगी गाडीवर जायची न्हाई."

"साधं बी तेवढंच पळतं की," गर्दीतून चिमाजी म्हणाला होता.

"पळालं तर चावी तिच्या हातात देतो! तुमच्याम्होरं देतो!"

म्हणून ही परीक्षा. एकच मोपेड, एकच रस्ता, दोन्ही बाटल्यांत सारखंच माप, चालवणारा मिस्त्री. आधी एक बाटली, मग दुसरी. जिथे गाडी बंद पडेल तिथे खूण.

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. त्या संध्याकाळी मिस्त्री नमाजला गेला आणि बाकीचे रस्त्यापलीकडे चहाला. गॅरेजमध्ये वृषाली एकटी राहिली. दोन्ही पेट्रोलांत या इंजिनाला फारसा फरक पडू नये, असं तिचं मत होतं. पण मत म्हणजे पुरावा नव्हे. आणि हरली तर दुसरी संधी नव्हती.

तिने दोन्ही दोरे सोडले आणि उलटे बांधले. आता पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत महागाचं पेट्रोल होतं. प्रॅक्टिकलला कुणी असं केलं असतं, तर तिने त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

सकाळी टाकी कोरडी करून लाल दोऱ्याची बाटली ओतली. मिस्त्री एका चालीने निघाला. मागे मोटारसायकलवर कुंडलिक आणि त्याच्यामागे वृषाली. कालव्याचा पूल ओलांडल्यावर मोपेड दोनदा खोकली आणि थांबली. कुंडलिकने रस्त्याच्या कडेला दगड ठेवला आणि त्यावर चुना ओढला.

"लई लांब आली," तो म्हणाला. त्याने पुलाकडे एकदा वळून पाहिलं.

टोमॅटोच्या रिकाम्या पिकअपमध्ये मोपेड घालून परत आणली. इंजिन निवू दिलं. मग पांढरा दोरा.

या वेळी गावातली पोरंसोरंही मागे लागली होती. चिमाजीने सायकल काढली. वृषालीने पाठीमागची दांडी इतकी घट्ट धरली की बोटं दुखायला लागली. कालव्याचा पूल आला. पांढरा दगड दिसू लागला. तेवढ्यात मोपेडने आचका दिला.

"गेली!" चिमाजी मागून ओरडला.

पण ती गेली नव्हती. फुरफुरली, पुन्हा धरली, आणि दगडाकडे सरकू लागली.

"हाण मिस्त्री! हाण!" कुंडलिक ओरडला. लगेच त्याने मान वळवून वृषालीकडे पाहिलं. "म्हंजे... खड्डा हाय म्होरं. जपून हाण."

मोपेड दगडाच्या पुढे गेली. टोमॅटोचं वावर मागे टाकून कडुलिंबाखाली थांबली. मुलांनी शिट्ट्या मारल्या. चिमाजीने सायकल टाकून दिली आणि मिस्त्रीला मिठी मारली.

कुंडलिकने मोपेडची चावी काढून घेतली. सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"हरलो राव. बोललो ते बोललो. घे गं."

वृषालीने चावी घेतली. वडिलांच्या डोळ्यांकडे पाहायचं तिने टाळलं.

गॅरेजवर परत आल्यावर कुंडलिकने हरल्याचा चहा सगळ्यांना पाजायचं ठरवलं. माणसं रस्ता ओलांडून गेली. वृषाली मागे राहिली. मिस्त्री मोपेडचा प्लग काढत होता.

"चाचा, ही चावी अण्णांना परत द्या."

"का गं?"

"मी फसवलं. काल तुम्ही नमाजला गेलात तेव्हा दोरे उलटे बांधले. पांढऱ्या बाटलीत महागाचं होतं. साधं जिंकलंच नाही."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"तू बदलले? काल संध्याकाळी?"

"हो."

तो मटकन खाली बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटला.

"अगं पोरी, मग आज खरंच साधं जिंकलं की!"

"म्हणजे?"

रस्त्यापलीकडे कुंडलिक कुणाचे तरी टोमणे ऐकत, मान खाली घालून सगळ्यांना चहाचे ग्लास देत होता. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहत आवाज खाली आणला.

"पहाटं मी शटर उघडलं, तर तुझा बाप दारात उभा. म्हणला, 'भावकीपुढं बोलून बसलोय, मिस्त्री. शब्द मागं घेता येत न्हाई. हरता तर येतं.' अन् माझ्या देखत दोऱ्यांची अदलाबदल करून गेला."